आधी आकडा

डिग्री नव्हती म्हणून मला
डिग्र्या मोजायला ठेवलं,
असं कुरियाकोस साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले
आणि स्वतःच हसले.
सोहारच्या बंदरामागे, सात नंबर टाकीच्या सावलीत
एक खांब, खांबावर पांढरी पेटी, पेटीत पाऱ्याची नळी.
दर अर्ध्या तासाने झाकण उघडायचं,
वाचायचं, वहीत लिहायचं
आणि वॉकीटॉकीवर इंग्रजीत सांगायचं.

मी सांगायचो : डिग्री सेल्सिअस फॉर्टी-सिक्स.
तिकडून साहेब : उलटं.
आधी आकडा, मग डिग्रीज, मग सेल्सिअस.
आणि डिग्री नव्हे पारकर, डिग्रीज. शेपटीचा ज विसरू नको.

आमच्यात अंश एक असो की पन्नास, अंशच राहतो,
गर्दी झाली म्हणून रूप बदलत नाही.
घरी कुणी फणफणलं की आई नळी दिव्यापाशी धरून
म्हणायची, एकशेदोन.
बास. कशाचे एकशेदोन ते कपाळाला ठाऊक असायचं.

पण नोकरी ती नोकरी.
रात्री वरच्या बंकवर पडून मी पंख्याला म्हणून दाखवायचो :
आकडा, डिग्रीज, सेल्सिअस.
खालून टेकबहादूर नेपाळीत काहीतरी पुटपुटायचा,
बहुधा झोप रे.

आकड्याचीही एक वेगळीच गाठ.
सेहेचाळीस म्हणताना माझे सहा आधी येतात,
चाळीस मागून.
साहेबांचे चाळीस पुढे, सहा त्यांच्या पाठीमागे.
फोरमन हिलाल म्हणाला, आमचंही तुझ्यासारखंच :
सित्ता व अरबईन, सहा आणि चाळीस.
समुद्राच्या दोन्ही काठांवर धाकट्याला पुढे बसवतात.
त्याने मला मूठभर खजूर दिले.

आणि ते बटण.
दाबल्या दाबल्या बोललं की पहिला शब्द गिळायचं.
एकदा त्याने फॉर्टी गिळलं
आणि अख्ख्या यार्डात ऐकू गेलं : सेव्हन डिग्रीज सेल्सिअस.
वेल्डर वरून ओरडले, स्वेटर पाठव!

पन्नास झाले की काम बंद,
असा कंपनीचा कागद कँटीनच्या दारावर चिकटवलेला.
जुलैत पारा सत्तेचाळीसवर यायचा, अठ्ठेचाळीसवर यायचा,
मग आणखी एक घर चढून
उंबऱ्यावर बसून राहायचा.

एकोणपन्नास.
हा शब्द नवाचं नावसुद्धा काढत नाही.
पन्नासाकडे बघतो
आणि म्हणतो, एक उणा.

त्या बुधवारी साडेअकराला
झाकणाने बोटं भाजली. जीभ टाळूला चिकटलेली.
मी वाचलं ते आमच्या भाषेत
आणि तसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलं :
वन लेस फिफ्टी डिग्रीज सेल्सिअस.
बटणाने वन लेस गिळलं.

उरलं ते बिनचूक होतं.
आकडा, डिग्रीज, ज सकट, मग सेल्सिअस.
दीड वर्षात माझ्या तोंडून निघालेलं
पहिलं शुद्ध वाक्य.

ग्राइंडर एकेक करून थांबले.
परांचीवरून माणसं उतरू लागली, आधी भरभर, मग सावकाश.
इथे समुद्र आहे
हे तेव्हा कानांना कळलं.
टेकबहादूर पाइपांच्या आडोशाला
पोटावर हेल्मेट ठेवून आडवा झाला.

साहेब गाडी न घेता चालत आले.
वही पाहिली. वहीत ४९.
लिहिताना कुणाचंच काही उलटं होत नाही.
काय म्हणालास नक्की?
मी सांगितलं, गिळलेल्या शब्दांसकट.

ते हसले नाहीत.
पाइपांच्या आडोशाकडे त्यांनी एकदा बघितलं.
टाकीची सावली तोवर आटून
टाकीच्याच पायाशी गेलेली.
त्यांनी पेटीचं झाकण उघडलं
आणि उघडंच धरून उभे राहिले.
ऊन सरळ नळीवर.
मानेवरून घाम कॉलरीत उतरत होता, तरी हात हलला नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले,
आता वाच.
आणि बटण दाबून जरा थांब.